फाळणीत पळवलेल्या बायका ‘परत आणल्या’ म्हणजे नेमकं काय केलं?

दप्तरखाना | सोमवार, सकाळी १०.४०

फाळणीवरच्या मराठी लेखांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘दोन्ही देशांनी पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणलं.’ एवढं सांगून लेखक निर्वासितांच्या गाड्यांकडे वळतो. परत आणलं ते कोणी? कोणत्या कागदावर, कोणाच्या सहीनं? बाई ‘येत नाही’ म्हणाली तर काय व्हायचं? हा धागा त्या एका वाक्यासाठी आहे. ढोबळ आराखडा मी मांडतो, तुम्ही भर घाला आणि चुका काढा.

६ डिसेंबर १९४७ ला लाहोरला दोन्ही देशांची बैठक झाली आणि स्त्रिया परत करण्याचा करार ठरला. १ मार्च १९४७ नंतर झालेली धर्मांतरं आणि पळवून नेलेल्या बाईशी लावलेली लग्नं सक्तीची धरायची, असं त्यातलं मुख्य कलम. पंधरा ऑगस्ट सोडून १ मार्च का, हे बऱ्याच जणांना कोडं वाटतं. २ मार्चला पंजाबात खिज्र हयात खान यांचं मंत्रिमंडळ गेलं आणि पुढच्या दोन आठवड्यांत रावळपिंडीकडची गावं जळाली. बायका पळवणं तिथून मोठ्या प्रमाणावर सुरू झालं, म्हणून तारीख तिथे नेऊन ठेवली.

पहिलं वर्ष काम कराराच्या जोरावरच चाललं. ३१ जानेवारी १९४९ ला भारतात अध्यादेश आला, डिसेंबरात मंत्री गोपालस्वामी अय्यंगारांनी विधेयक मांडलं आणि त्याच महिन्यात कायदा झाला. मुदत संपत आली की वाढवायची, असं करत तो १९५७ पर्यंत ओढला.

सरकारी अंदाज असा होता: भारतात अडकलेल्या मुसलमान स्त्रिया ५०,०००, पाकिस्तानात अडकलेल्या हिंदू-शीख स्त्रिया ३३,०००. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या मिळून ३०,००० च्या आसपास परत गेल्या, आणि त्यांतल्या दोन-तृतीयांशाहून जास्त भारतातून पाकिस्तानात गेलेल्या. आपल्याकडे ही विभागणी कोणी सांगत नाही.

शब्दाचंही बघा. इंग्रजी कागदांत ‘रिकव्हरी’, उर्दूत ‘बरामदगी’. चोरीचा माल सापडला की पोलीस पंचनाम्यात जो शब्द घालतात, तोच.

कलम_काडी | सोमवार, दुपारी १.०५

कायद्याचा मजकूर सावकाश वाचण्यासारखा आहे. ‘अपहृत व्यक्ती’ची व्याख्या सोप्या मराठीत अशी: सोळा वर्षांखालचा मुलगा किंवा *कोणत्याही वयाची* स्त्री, जी १ मार्च १९४७ च्या लगेच आधी मुसलमान होती, त्या दिवसापासून १ जानेवारी १९४९ च्या आत आपल्या कुटुंबापासून वेगळी पडली, आणि आता दुसऱ्या माणसाकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात राहते आहे. तिच्या पोटी त्यानंतर जन्मलेलं मूलही यातच.

दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे या व्याख्येत ‘पळवली’ हे सिद्ध करावंच लागत नाही. कुटुंबापासून वेगळी पडली आणि परक्या घरात सापडली, एवढं पुरतं. दुसरी गोष्ट वयाची. सतरा वर्षांचा मुलगा ‘मी इथेच राहतो’ म्हणाला तर तो कायद्याबाहेर. चाळिशीची बाई तेच म्हणाली तर कायद्याच्या आत.

कलम ४: साहाय्यक उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा पोलीस वॉरंटशिवाय घरात शिरू शकतो आणि बाईला ताब्यात घेऊन छावणीत पोचवू शकतो. कलम ६: ती अपहृत आहे की नाही यावर वाद झाला तर निकाल न्यायाधिकरण देणार. व्यवहारात म्हणजे एक भारतीय आणि एक पाकिस्तानी पोलीस अधिकारी. कलम ८: छावणीतला ताबा कायदेशीरच समजायचा, त्याला कोणत्याही न्यायालयात आव्हान नाही. थोडक्यात, हेबिअस कॉर्पसचं, म्हणजे ‘कोंडलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणा’ असा अर्ज करण्याचं, दार लावून घेतलेलं.

कायदा देशभर नव्हता. पूर्व पंजाब, दिल्ली, पेप्सू (पतियाळा आणि पूर्व पंजाबातल्या संस्थानांचा संघ), संयुक्त प्रांत आणि राजस्थान एवढ्यापुरता.

संविधान सभेत यावर चांगली जुंपली होती. ठाकूरदास भार्गवांनी ताब्याच्या आणि मुलांच्या कलमांवर बोट ठेवलं, पूर्णिमा बॅनर्जींनीही शंका काढल्या. दुर्गाबाई विधेयकाच्या बाजूनं उभ्या राहिल्या. (नंतर चिंतामणराव देशमुखांशी लग्न झालेल्या त्याच दुर्गाबाई.) एवढं होऊनही मसुदा फारसा बदलला नाही.

पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं: पंजाब सरकार विरुद्ध अजायब सिंग, १९५२. पंजाब उच्च न्यायालयानं कायदा घटनाबाह्य ठरवला होता, सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. मुद्दा अनुच्छेद २२ चा होता. अटक झालेल्याला कारण सांगायचं, वकील द्यायचा, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं, हे सगळं या बाईला लागू आहे का? न्यायालय म्हणालं, नाही. ही ‘अटक’च नव्हे, कारण तिच्यावर गुन्ह्याचा आरोप नाही. म्हणजे चोराला जे संरक्षण मिळतं ते तिला मिळालं नाही, कारण तिनं चोरी केलेली नव्हती. निकालाचं तर्कशास्त्र इतकं सरळ आहे की वाचून गरगरतं.

खडूस | सोमवार, दुपारी १.३०

कलमं वाचून गळे काढणं सोपं आहे हो. तेव्हा हजारो बापांच्या पोरी परक्या घरात कोंडलेल्या होत्या. प्रत्येकीला ‘तुझी इच्छा काय’ विचारत बसले असते तर एकही सुटली नसती. ज्यानं कोंडलंय त्याच्यासमोर ती काय बोलणार?

कलम_काडी | सोमवार, दुपारी १.४२

@खडूस, मुद्दा रास्त आहे. कोंडणाऱ्यासमोर घेतलेल्या जबाबाला अर्थ नसतो, हे मान्यच. पण छावणीत आणल्यावर, कोंडणारा दहा मैलांवर असताना तरी विचारायला काय हरकत होती? कायद्यात ती पायरीच नाही. रामेश्वरी नेहरूंचा आक्षेप हाच होता. पुनर्वसन मंत्रालयाचा स्त्री विभाग त्या बघत होत्या. मनाविरुद्ध बायका पाठवणं त्यांना पटेना आणि १९४९ मध्ये त्या बाजूला झाल्या. शोधकामाच्या प्रमुख मृदुला साराभाईंचं मत नेमकं उलट, तुमच्या मताच्या जवळचं. दोघीही गांधींच्या तालमीतल्या.

रावीकाठ | सोमवार, रात्री ९.२०

मैदानात काम कसं चालायचं ते लिहितो.

सुरुवात यादीपासून. निर्वासित छावणीत नातेवाईक तक्रार नोंदवायचे: बाईचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, गाव, तहसील, जिल्हा, कुठून आणि केव्हा नेली, कोणावर संशय. या तक्रारी जिल्हावार लावून पलीकडे पाठवायच्या. पाकिस्तानात राहिलेल्या बिगर-मुस्लिम स्त्रिया आणि मुलांची भारत सरकारनं छापलेली यादी हजाराहून जास्त पानांची आहे.

यादी कितीही नेटकी असली तरी गावात गेल्यावर कोलमडायची. बाईचं नाव बदललेलं असायचं. वय अंदाजानं टाकलेलं, विशी म्हणजे सोळा ते सव्वीस काहीही. तक्रारीतलं गाव पळवलं तिथलं, आणि ती तोवर दोन-तीन हात बदलून दुसऱ्या जिल्ह्यात पोचलेली. एकाच बाईची तक्रार बापानं एका छावणीत आणि दिरानं दुसरीत केली की यादीत दोन बायका व्हायच्या. उलट जिचं सगळं घर मारलं गेलं तिची तक्रार करायला कोणी उरलेलंच नसे. ती यादीत नाहीच.

दुसरी पायरी माग काढण्याची. इथे समाजसेविका लागायच्या. मृदुला साराभाई मुख्य, लाहोरच्या बाजूला कमलाबेन पटेल, शिवाय प्रेमवती थापर, भाग मेहता. पुरुष पोलिसाला घराच्या आतल्या भागात जाता येत नाही आणि गावातल्या बायका त्याच्याशी बोलत नाहीत. म्हणून काही जणी लस्सी मागायला किंवा अंडी विकायला आल्याचा बहाणा करून घरात डोकावायच्या.

तिसरी पायरी धाड. भारतीय पथक पाकिस्तानात गेलं तरी बरोबर तिथले पोलीस लागत, इकडेही तसंच. गळती व्हायची ती इथेच. ठाण्यातून निघण्याआधी गावात निरोप पोचलेला असायचा. बाई उसाच्या फडात, नाहीतर शेजारच्या गावी. काही वेळा पळवणाऱ्यांत पोलीसच असत. संस्थानी मुलखात ब्रिटिश पंजाबातल्या पोलिसांचं काही चालत नसे, म्हणून पतियाळाकडचं काम जास्त रेंगाळलं.

चौथी पायरी छावण्यांची साखळी. आधी जिल्ह्याच्या ठिकाणी, मग मुख्य छावणीत. लाहोरला गंगाराम रुग्णालयाच्या इमारतीत, इकडे जालंधरला गांधी वनिता आश्रमात. तिथे नातेवाईक येऊन ओळख पटवायचे. पटली की वाघ्यावरून ट्रकनं पलीकडे, न्यायला कोणी आलंच नाही तर आश्रमात मुक्काम.

वेळेचा हिशेब यात सगळ्यात महत्त्वाचा. १९४७ च्या हिवाळ्यात सापडलेली बाई बहुधा सुटका झाल्यासारखी यायची. तीच १९५१ मध्ये सापडली तर कडेवर मूल असायचं, चूल मांडलेली असायची, आणि मूळ घरात आपल्याला कोण घेणार हे तिला पुरतं कळलेलं असायचं. कायदा एकच, पण दोघींवर होणारा परिणाम उलटा. @खडूस आणि @कलम_काडी, तुम्ही दोघं वेगवेगळ्या वर्षांतल्या बायकांबद्दल भांडताय.

शेवंती | सोमवार, रात्री १०.०२

जबरदस्त प्रतिसाद, रावीकाठ. त्या मुलांचं पुढे काय झालं? व्याख्येत मूलही येतं म्हणता, मग ते आईबरोबर जायचं की बापाकडे राहायचं?

मुक्ता_७ | मंगळवार, सकाळी ८.१५

शेवंतीताई, सगळ्यात जास्त घोळ याच प्रश्नावर होता.

कायद्यानं मूलही ‘अपहृत’, म्हणून आईबरोबर जायला हवं. पण भारतात परतणाऱ्या बाईचं घर मुसलमान बापाचं मूल स्वीकारायला तयार नसे, हे अधिकाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून पाकिस्तानात जन्मलेलं मूल तिथेच ठेवून यायचं, असं धोरण पुढे आलं. ज्या बापानं पळवल्याचा ठपका, मूल त्याच्याच ओटीत! संक्रमण छावणीत आईला विचार करायला पंधरा दिवस देण्याची सोय पुढे झाली. अंगावर पिणाऱ्या मुलाच्या आईला पंधरा दिवस म्हणजे किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

गरोदर बायकांचं आणखी अवघड. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३१२ खाली गर्भपात हा गुन्हा होता, आणि तो गुपचूप सरकारी आशीर्वादानं केला जात होता. छावण्यांतला त्यासाठीचा शब्द ‘सफाया’. दिवस जास्त भरलेले असले तर बाळंतपण होईपर्यंत आश्रमात ठेवायचं, मूल अनाथालयात द्यायचं आणि मग नातेवाइकांना कळवायचं.

१९५४ च्या जानेवारीत दोन्ही सरकारांनी पहिल्यांदा मान्य केलं की राजी नसलेल्या व्यक्तीला मनाविरुद्ध पलीकडे पाठवलं जाऊ नये, यासाठी काहीतरी व्यवस्था हवी. तोवर बहुतेक देवाणघेवाण उरकली होती.

दप्तरखाना | मंगळवार, सकाळी ९.३०

मुक्ता_७, पूरक मुद्दा. घरचे घेत नाहीत ही अडचण इतकी पसरली की १९४७ च्या डिसेंबरात गांधींनी प्रार्थनासभेत आणि जानेवारीत नेहरूंनी जाहीर आवाहन करून या बायकांना सन्मानानं घरात घ्या, असं सांगितलं. पुनर्वसन खात्यानं पत्रक काढलं, त्यात मनूचा दाखला: तीन ऋतुकाळ उलटले की स्त्री शुद्ध. म्हातारे-कोतारे संविधान वाचत नाहीत, स्मृती मानतात, असा हिशेब असावा. मनूच्या नावानं चांगलं काम करून घेण्याची ती एकुलती एक सरकारी खटपट असेल. शास्त्रातला दाखला म्हणून देवलस्मृती जास्त चपखल होती, तिचा विषयच तो: म्लेंच्छांनी नेलेल्यांना परत घेण्याचा विधी.

शीख कुटुंबांत परत घेण्याचं प्रमाण तुलनेनं बरं होतं असं बरेच जण लिहितात. मुसलमान कुटुंबांबद्दलही तेच म्हटलं जातं.

सुईदोरा | मंगळवार, दुपारी १२.१०

ज्यांना न्यायला कोणी आलं नाही त्या, आणि ज्यांचे नवरे मारले गेले त्या. सरकारी भाषेत दोघी ‘अनअटॅच्ड’. कोणाला न जोडलेल्या, जणू दोरा निघालेली बटणं. त्यांच्यासाठी आश्रम निघाले: जालंधर, होशियारपूर, कर्नाल, दिल्लीत लाजपत नगरचं कस्तुरबा निकेतन. रोजगार म्हणून सगळीकडे शिवण आणि भरतकाम.

ते फसलं कुठे हे कळायला फुलकारी, म्हणजे पंजाबी भरतकाम, कशी करतात ते बघावं लागेल. कापड हातमागाचं जाडं खद्दर. पन्हा अरुंद, म्हणून दोन-तीन पट्ट्या जोडून एक ओढणी होते. दोरा ‘पट’, म्हणजे पीळ न घातलेलं रेशीम. टाका रफूसारखा, आणि तो घालायचा *उलट्या* बाजूनं. समोर छापील नक्षी नाही, खद्दराचे धागे मोजत जायचं. एक धागा चुकला की चूक उजव्या बाजूला दिसते, तीही ओळ पुढे सरकल्यावर. उलट्या बाजूला कापडाचा एखादाच धागा उचलला जातो, त्यामुळे रेशीम सगळं उजवीकडे राहतं. पीळ नसल्यानं उजेड पडला की टाक्याच्या दिशेप्रमाणे छटा बदलते. एकाच रंगाचे आडवे आणि उभे टाके शेजारी आले की दोन रंग वाटतात. सगळं कापड झाकलं तर तो ‘बाग’, त्याला महिनोन् महिने लागतात. नातवाच्या जन्माला आजी ‘वरी दा बाग’ सुरू करायची, तो सून घरात येईल तेव्हा तिच्या अंगावर घालायला.

म्हणजे ही वस्तू विकायला केलेलीच नव्हती. वेळेचा हिशेब पिढीचा होता, तासाचा नव्हता. आश्रमात तीच बाई तुकड्यावर मजुरी घेऊ लागल्यावर टाका लांबला, पट महाग म्हणून पीळ दिलेला दोरा आला, छापील नक्षीवर उजवीकडून भरणं आलं आणि ओढणीच्या जागी टेबलक्लॉथ. लांब टाका धुण्यात अडकून ओघळतो, मग गिऱ्हाईक परत येत नाही. दुसरं असं की प्रत्येक आश्रमानं शिवणच शिकवली. दिल्लीसारख्या एका शहरात शेकडो नव्या शिंपिणी एकाच वेळी तयार झाल्या तर कपडे शिवून घेणार कोण?

विक्रीची बाजू कमलादेवी चट्टोपाध्यायांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियननं नीट धरली. दिल्लीत निर्वासितांच्या हस्तकलेचं जे दुकान होतं ते १९५२ च्या सुमारास त्यांच्याकडे आलं. आजचं सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम ते हेच.

जुना_पटवारी | मंगळवार, रात्री ८.५०

जमिनीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पंजाबात बाईचं पुढचं आयुष्य सुईवर ठरलं नाही, जमाबंदीवर ठरलं. जमाबंदी म्हणजे आपल्या सातबाऱ्याची चुलत बहीण, तेव्हा दर चार वर्षांनी नव्यानं लिहायची. फेरफाराला तिकडे ‘इंतकाल’.

पश्चिम पंजाबातून आलेल्या शेतकऱ्यांनी मार्च-एप्रिल १९४८ मध्ये दावे भरले. महिन्याभरात पाच लाखांहून जास्त अर्ज. कागद तपासायला जालंधरला खास कचेरी उभी केली, दोन्ही पंजाबांनी जमाबंद्यांच्या नकला एकमेकांना दिल्या. त्याआधी त्याच गावच्या निर्वासितांना एकत्र बसवून दावा मोठ्यानं वाचायचा. वीस एकरवाल्यानं चाळीस सांगितले तर शेजारीच ओरडायचा. पद्धत झकास. मात्र ज्या गावचे पुरुष मारले गेले त्या गावची विधवा उभी राहिली तर ‘हो, एवढी जमीन होती’ म्हणणारं कोण?

मापाचं एकक ‘स्टँडर्ड एकर’: दहा-अकरा मण गहू देणारी जमीन म्हणजे सोळा आणे. कालव्याचं एकर पूर्ण भरायचं, कोरडवाहूला त्यातले थोडेच आणे. सोडून आलेली जमीन ३९ लाख स्टँडर्ड एकरांच्या घरात, वाटायला हातात २४.५ लाख. म्हणून पुनर्वसनाचे महासंचालक तरलोक सिंगांनी चढती कपात लावली. पहिल्या दहा एकरांवर २५ टक्के, तिथून वाढत सगळ्यात वरच्या टप्प्यावर ९५. आठ असतील तर सहा मिळाले.

आता विधवेचा पेच.

एक, खातं सासऱ्याच्या नावावर असायचं. नवऱ्याचा हिस्सा वेगळा लावलेला नसला तर दावा दीर भरणार आणि ती ‘कुटुंबातली एक तोंड’. खातं एकत्र म्हणून कपातही वरच्या टप्प्यावर गेली.

दोन, नवरा मेल्याचा पुरावा. प्रेत नाही, दाखला नाही. मारताना पाहिलेला साक्षीदार मिळाला तर इंतकाल चढायचा. नुसता बेपत्ता असेल तर तेव्हाच्या साक्षीपुरावा कायद्याचं कलम १०८: सात वर्षं ठावठिकाणा नसेल तरच मेला असं धरता यायचं. ऑगस्ट १९४७ मध्ये हरवलेला माणूस कायद्यापुढे १९५४ पर्यंत जिवंतच. तोवर बाई विधवा नाही, सवाष्णही नाही.

तीन, हक्क तहहयात, म्हणजे ती जिवंत असेपर्यंत. विकायची मुभा नाही. पुनर्विवाह केला की १८५६ च्या विधवाविवाह कायद्याच्या कलम २ प्रमाणे नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जायचा. अपवाद करेव्याचा, म्हणजे दिराची चादर अंगावर घेण्याचा. जाट शिखांत दिराशी करेवा केला तर हक्क टिकतो अशी रूढी न्यायालयांनी मान्य केली होती. १९४८ नंतर करेवे का वाढले यावर लोक समाजशास्त्र सांगतात. मला त्यात जमाबंदी दिसते: बाई बाहेर गेली तर तिच्या नावचे एकर हातचे जातात.

खडूस | मंगळवार, रात्री ९.१०

हे मात्र माहीत नव्हतं. मागचा शेरा थोडा मागे घेतो. थोडाच.

कल्याण_लोकल | बुधवार, सकाळी ७.५५

महाराष्ट्राचा धागा सिंधकडून येतो. सिंधमध्ये पंजाबसारख्या कत्तली आणि पळवापळवी त्या प्रमाणात झाली नाही. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल उसळली आणि तिथून लोक जहाजांनी मुंबईला आणि काठेवाडच्या बंदरांवर उतरू लागले. त्यामुळे इकडे बहुतेक कुटुंबं अख्खी आली. प्रश्न शोधाचा नव्हता, घर चालवण्याचा होता.

कल्याणला दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी तळाच्या पाच छावण्या रिकाम्या होत्या. लाखभर माणूस तिथे ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते नाव पडलं उल्हासनगर. कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धकाळात पोलिश निर्वासित राहत होते, ते गेल्यावर तिथे सिंधी आले. तेच आजचं गांधीनगर.

बराकी सैनिकांसाठी बांधलेल्या, लांबच लांब. संसारासाठी त्यात गोणपाट किंवा साड्या टांगून खोल्या पाडायच्या. स्वयंपाक पडद्याच्या अलीकडे, सासरा पलीकडे. अमील, म्हणजे शिकलेल्या नोकरदार सिंधी, घरांतल्या ज्या बायकांनी कधी नोकरी केली नव्हती त्या पापड लाटायला बसल्या. किलोभर उडदाच्या पिठाला ३५ ग्रॅमच्या आसपास पापडखार, भरड मिरी, जिरं, हिंग. खार कमी पडला की पापड फुलत नाही, जास्त झाला की तळल्यावर लाल पडतो आणि जीभ सोलते. आधी सावलीत सुकवायचा, नाहीतर कडा वळतात. मग थोडं ऊन. कराचीत वर्षाला सात-आठ इंच पाऊस, कल्याणला शंभराच्या घरात. जून ते सप्टेंबर पापड वाळेना, आणि अर्धवट वाळलेल्या चळतीला दोन दिवसांत बुरशी. म्हणून मेअखेर साठा करून ठेवायचा आणि पावसाळ्यात लोणची नाहीतर शिवण. सिंध्यांनी धंदा बसवला म्हणतात, त्यातला हा भाग बराकीच्या मधल्या खाटांवर झाला.

कायद्याचाही फरक होता. मुंबई प्रांतात १९४६ पासून हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला बंदी होती, १९४७ पासून घटस्फोटाची सोय होती. पंजाबातल्या बाईला या दोन्हीसाठी १९५५ पर्यंत थांबावं लागलं.

गंगासागर | बुधवार, सकाळी ११.२५

बंगाल विसरू नका. १९४९ चा कायदा तिथे लागूच नव्हता. तिथे लोंढा एका झटक्यात आला नाही, वर्षानुवर्षं येत राहिला. ऑक्टोबर १९४६ चं नोआखाली, १९५० च्या दंगली, आणि पुढेही. ८ एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत करारात सक्तीचं धर्मांतर मानायचं नाही आणि पळवलेल्या स्त्रिया परत मिळवायच्या, असं कलम आलं ते बंगाल-आसामकडे पाहूनच.

पुरुष नसलेल्या घरांना तिकडे ‘पर्मनंट लायबिलिटी’ म्हणत, बोलताना नुसतं पी.एल. टिटागढ, राणाघाट, बांसबेडियाला अशा छावण्या होत्या. म्हातारे, अपंग आणि एकट्या बायका एकाच खात्यात. नाव एकदा पी.एल. मध्ये गेलं की जमीन नाही, कर्ज नाही, फक्त रोख मदत. मुलगा अठराचा झाला की घर ‘लायबिलिटी’तून निघायचं. तोवर आई कितीही धडधाकट असली तरी बोजाच.

शेवंती | बुधवार, दुपारी ३.४०

थोहा खालसाबद्दल कोणीतरी लिहा. मराठीत त्याला सर्रास ‘जोहार’ म्हणतात.

रावीकाठ | बुधवार, सायंकाळी ६.१५

रावळपिंडी जिल्हा, मार्च १९४७. वेढा पडल्यावर नव्वदच्या आसपास शीख स्त्रियांनी विहिरीत उड्या घेतल्या, काहींनी लेकरांसकट. विहीर भरत गेली आणि शेवटच्या काही जणी बुडाल्याच नाहीत. त्या वाचल्या म्हणून तपशील कळला. त्याच भागात बापांनी आणि भावांनी तलवारीनं आपल्या मुली मारल्या.

‘जोहार’ म्हटलं की या दोन्ही गोष्टी एका पोत्यात जातात. विहिरीकडे स्वतः गेलेली पन्नाशीची बाई आणि बापानं मान खाली घालायला लावलेली बारा वर्षांची पोर यांना एक शब्द पुरत नाही. गुरुद्वाऱ्यांत दोघींची नावं शहीद म्हणूनच घेतली जातात, तो त्यांच्या श्रद्धेचा भाग. लिहिणाऱ्यानं तरी क्रियापद जपून वापरावं: मेली की मारली.

कलम_काडी | बुधवार, रात्री ९.००

मुसलमान बायकांची एक बाजू राहिली. जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून यायला परमिट, ऑक्टोबर १९५२ पासून पासपोर्ट. माहेर कराचीत आणि सासर बिहारात अशी बाई बाळंतपणाला किंवा आजारी आईला भेटायला गेली, आणि मध्ये नियम बदलला तर अडकली. १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बिहारमधल्या अशाच एका खटल्यात सांगितलं की बाई १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतरित झाली असेल तर अनुच्छेद ७ प्रमाणे ती नागरिक नाही, मग नवरा भारतात का असेना. एरवी बायकोचं अधिवास नवऱ्यामागून जातं हे तत्त्व न्यायालयं हटकून लावत. इथे ते तिच्या उपयोगी पडलं असतं, तर लागू झालं नाही.

घरटं | गुरुवार, सकाळी १०.०५

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. जुना_पटवारी काका, एक शंका. वाटपाच्या जुन्या कागदांत बाईच्या नावापुढे ‘बेवा’ आणि मग पुरुषाचं नाव असतं. ती जमीन पुढे तिच्या मुलीला गेली की दिराच्या मुलांना, हे कागदावरून कसं ओळखायचं?

जुना_पटवारी | गुरुवार, दुपारी १२.३०

‘बेवा फलाणा’ म्हणजे फलाण्याची विधवा. हक्काच्या रकान्यात तहहयातची नोंद आहे का पाहा. मग तिच्या मृत्यूची तारीख शोधा, ती तिच्या वारसाच्या इंतकालात सापडते. १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा लागू झाला आणि कलम १४ नं विधवेच्या ताब्यातली मर्यादित मिळकत तिच्या पूर्ण मालकीची केली. त्या दिवशी ती हयात असेल आणि जमीन तिच्या ताब्यात असेल, तर पुढे वारस तिचे, मुलगी आलीच. त्याआधी गेली असेल तर जमीन नवऱ्याच्या वारसांकडे उलटली, म्हणजे बहुधा दिराकडे. मध्ये पुनर्विवाहाचा इंतकाल असेल तर आधी तो वाचा. दिराशी की बाहेर, हे त्यात लिहिलेलं असतं. नक्कल उर्दू शिकस्त्यात, म्हणजे घाईच्या मोडक्या लिपीत, असते, पटपट वाचणारा माणूस गाठा. ‘बेवा’ आणि ‘बीवी’ घाईत लिहिले की सारखेच दिसतात.